मुठीची पलटण

परवा शेठचा नातू आमच्या दारात बग्गीतून उतरला. पायात विलायती बूट, हातात चांदीच्या मुठीची काठी आणि जिभेवर साखर. कापसाच्या तेजीत त्याच्या आजोबांनी गरिबांच्या पोरांसाठी जी पलटण काढली होती, ती तो पुन्हा काढणार म्हणे. धर्मादाय मंडळ नेमलंय, वर्गणी जमतेय, एक पुस्तकही छापायचंय. त्या पहिल्या पलटणीतलं आता कोणी उरलं नाही, म्हणून स्वारी माझ्याकडे आली. माझा भाऊ किसना त्या पलटणीत होता. त्याला मिळालेला पितळी बिल्ला पुस्तकात चित्र काढायला हवा होता आणि माझ्याकडून चार चांगले शब्द हवे होते. "आजी, तुमच्या भावाला आमच्या आजोबांनी माणूस बनवलं," असं तो माझ्याच ओट्यावर बसून मलाच सांगत होता. दारात आलेल्याला गूळपाणी द्यायची आमच्याकडे रीत आहे म्हणून दिलं, नाहीतर मोरीतलं पाणी त्याच्या अंगावर ओतायचं माझ्या फार मनात होतं. म्हटलं, "लिहून देते बापा. पण चार शब्दांत नाही मावणार."

मला अक्षरं आली ती केस पिकल्यावर. सून मुलींच्या शाळेत मास्तरीण आहे, तिनं पाटीवर गिरवून घेतली. हे कागदही ती शुद्ध करायला बसली होती, ते मी तिच्या हातातून ओढून घेतले. माझ्या घरची माणसं जशी बोलायची तशीच इथे बोलतील. पुण्याकडच्या कानांना खरखरीत लागलं तर त्यांनी कानात कापूस घालावा, वऱ्हाडात त्याला तोटा नाही.

आमचा मळा अमरावतीच्या परकोटाबाहेर, नाल्याच्या काठाला होता. वांगी, मेथी, आंबाडी, कोहळे, आणि सणांच्या बेतानं झेंडू. दिवस उजाडायच्या आत विहिरीवर मोट सुरू व्हायची. चाक कुरकुरायचं, मोटेतलं पाणी थारोळ्यात धबकन पडायचं, आणि त्या दोन आवाजांच्या मधल्या जागेत बाबा बैलाशी बोलायचे. माणसांशी बोलायचा त्यांना कंटाळा, पण पाखऱ्याला सगळं सांगायचे. काल भाजीत मीठ जास्त झालं, बाजारात एका बाईनं दहा वांगी दाबून पाहिली आणि एकही घेतलं नाही, सगळं. माय धुणं आपटता आपटता म्हणायची, "घरातली गोठ त्या बैलाले पयले समजते, मंग मले." किसना माझ्याहून तीन वर्षांनी मोठा, आणि खादाड म्हणजे किती खादाड! भाकर तव्यावरून उतरायच्या आत त्याचा हात पुढे. माय उलथनं उगारायची, "थांब रे भुक्कड, पोयशीन ना!" तो कुठला थांबतो! गरम भाकर या हातातून त्या हातात उडवत, हिरवी मिरची कचाकचा चावत, खाता खाता बोलायचा, बोलता बोलता हसायचा, आणि ठसका लागला की साऱ्या घराला पाण्यासाठी पळवायचा. त्याच्या त्या ठसक्याचा मला तेव्हा राग यायचा.

मग ती तेजी आली. सातासमुद्रापलीकडे कुठेतरी लढाई जुंपली आणि तिकडचा कापूस अडला, एवढंच आम्हाला ठाऊक. इकडे माणसांचं डोकंच फिरलं. ज्यानं त्यानं ज्वारी मोडून कापूस पेरला. बाजाराच्या वाटेवर गाड्यांची रांग नाल्यापर्यंत यायची, बैलांच्या गळ्यात चांदीच्या घंटा वाजायच्या, आणि काल आमच्याकडून फुकट कोथिंबीर मागून नेणारे लोक आज आमच्या अंगावर धूळ उडवत जायचे. कापूस शिजवून खाता येत नाही, हे त्यांच्या ध्यानात उन्हाळ्यात आलं. तोवर ज्वारीचे भाव आभाळाला टेकले होते. आम्ही मळा मोडला नव्हता, भाजी खपत होती, पण टोपलंभर वांग्यांत ओंजळभर ज्वारीसुद्धा येईना. माय भाकरी लहान करत गेली आणि किसना तिच्या हाताकडे बघत बसायला लागला.

शेठचा धर्म तेव्हाच उफाळून आला. बाजारात येणाऱ्या प्रत्येक गाडीनं मूठभर कापूस त्याच्या धर्मादाय ढिगावर टाकायचा, आणि त्या मुठीवर गरिबांची पोरं पोसायची, त्यांना कवायत शिकवायची, शिपाई बनवायचं. लाल जाकीट, पांढरी तुमान, गोऱ्यांच्या छावणीतले जुने बूट आणि बाभळीच्या लाकडाच्या बंदुका. लोक तिला मुठीची पलटण म्हणायचे. शिकवायला एक पेन्शनीतला हवालदार आणला होता, मिशीला मेण लावणारा. ऐकायला किती छान वाटतं! पण ती मूठ वसूल करायला बाजाराच्या फाटकावर उभं कोण राहायचं? हीच पोरं. शेठच्या कापसाच्या गंजींवर दिवसभर पहारा कोण द्यायचं? हीच पोरं. गावाच्या कापसावर पोरं पोसायची, त्यांच्याकडून आपली राखण फुकट करून घ्यायची, आणि वर दानशूर म्हणून मिरवायचं. एवढी अक्कल देवानं मला त्या वयात दिली असती तर!

शेठचा मुनीम आमच्या मळ्यात आला तेव्हा म्हणाला, पोरगं जेवेल, शिकेल, पुढे रेल्वेत शिपाई होईल, शिवाय दर बाजाराला घरी पायलीभर ज्वारी मिळेल. बाबांनी बराच वेळ मोटेचा नाडा चाचपला. मग म्हणाले, "शिकाले नेता त न्या. पन जवारी नको. मी पोट्टा शिकाले पाठवून राह्यलो, इकाले नाही." किसना गेला. पण पुढच्या बाजाराला माय मला घेऊन शेठच्या आवारात गेली, पदर पसरून पायली घेतली, टोपल्यात आंबाडीच्या जुड्यांखाली लपवली, आणि घरी येऊन सांगितलं की बार्शीटाकळीच्या मामानं पाठवली. मला वाटेत दम दिला होता, "तोंड उघडशीन त जीभ हासडीन." बाबांनी ती भाकर खाल्ली आणि म्हणाले, "तुह्या भावाचं भलं होवो." मग ते रोजचंच झालं. पहिला घास मोडायचा आणि मामाला आशीर्वाद द्यायचा. माय चुलीत नसलेला जाळ सारखा करत बसायची.

त्या आवारात मी पोरांचं जेवण बघितलं. दोन रांगांत पोरं मांडी घालून, पाठ ताठ, तळहात गुडघ्यांवर. समोर पत्रावळीवर भाकर आणि वरण. कोणी हात लावायचा नाही. हवालदार रांगेतून फिरायचा, आणि त्याला वाटेल तेव्हा "खाओ" म्हणायचा. मग सगळे हात एकदम खाली. आधी हात हलला तर छडी, आणि त्याची पत्रावळ उचलून शेजारच्याला. शेठकडे कोणी बडी असामी आली की हा खेळ मुद्दाम लांबवायचे. ओट्यावर तक्के टाकून, पान चघळत, उपाशी पोरं अन्नासमोर किती वेळ गप बसतात हे पाहायचं. खूश होऊन पाहुणा धर्मादायाला काहीतरी देऊन जायचा. किसना पहिल्या रांगेत होता. मी खांबामागून हात केला, त्यानं पाहिलंसुद्धा, पण मान हलवली नाही. मला वाटलं, ऐट आली लेकाला.

पोळा आला. आदल्या दिवशी आम्ही पाखऱ्याचे खांदे हळदलोण्यानं चोळले, आणि बाबांनी त्याच्या कानाशी लागून त्याला उद्याच्या जेवणाचं आवतण दिलं. ते दर वर्षी असंच, एखाद्या व्याह्याला बोलवावं तसं, हात जोडून द्यायचे. पाखऱ्या पुरणपोळीचा पहिला घास किसनाच्या हातूनच घ्यायचा. वासरू होता तेव्हापासूनची सवय. दुसऱ्या कोणी पुढे केला तर मान फिरवायचा. त्या वर्षी किसना घरी नव्हता. शेठनं पोरांना पुरणपोळीचं जेवण ठेवलं होतं, अकोल्याहून मोठे कापूसवाले पाहुणे येणार होते, म्हणून एकाही पोराला सुटी नव्हती. तोरणाखालून बैल गेले, घरोघर बैल न्यायची वेळ झाली, तसे बाबा म्हणाले, "आवतन देल्लं हाय त्याले. जेवू घालनारा तिकडे हाय, त आपन तिकडे जाऊ." पोळ्याच्या दिवशी बैलाला कोणाचंच दार बंद नसतं. मीही झेंडूच्या माळा घेऊन मागे निघाले.

आम्ही पोचलो तेव्हा दिवस कलला होता. अकोल्याचे पाहुणे उशिरा आले होते, आता ओट्यावर बसून गप्पा छाटत होते. पोरं दुपारपासून तशीच बसलेली. श्रावणातलं ऊन चटके देत होतं, लाल जाकिटं अंगाला चिकटली होती, पत्रावळीवरच्या पोळ्यांवर माश्या बसत होत्या. पाखऱ्यानं नाक वर केलं, एकदा फुरफुरला, आणि बाबांच्या हातातली वेसण ओढत सरळ पहिल्या रांगेत किसनापाशी गेला. त्याच्या मानेवरून खरखरीत जीभ फिरवली. मग पत्रावळीत तोंड घातलं. बाबा मोठ्यानं हसले. बाबांना असं चारचौघांत हसताना मी पाहिलं ते त्या एकाच वेळी. म्हणाले, "घाल रे किसना, हातानं घाल त्याले. तुहीच वाट पाहून राह्यला तो."

किसनाचे हात गुडघ्यांवरच.

"हटाओ जानवर को!" हवालदार ओरडला, आणि त्यानं छडी पाखऱ्याच्या नाकपुडीवर सपकन मारली. पोळ्याच्या दिवशी! वर्षभर बैलाला ढोरासारखं वागवणारा कसाईसुद्धा त्या दिवशी त्याला चाबूक दाखवत नाही. पाखऱ्या मागे सरला, गळ्यातली माळ तुटली, झेंडू सगळ्या आवारात सांडला. दुसरी छडी बसली. किसनाच्या डोळ्यांतून पाणी गालावर आलं, पण हात उचलला नाही. आणि ओट्यावरून, काय सांगू तुम्हाला, टाळ्या वाजल्या. अकोल्याचा एक पाहुणा म्हणाला, "वाहवा शेठ, काय वळण लावलंय!" शेठ स्वतः खाली उतरला, स्वतःच्या हातानं त्यानं किसनाच्या जाकिटावर पितळी बिल्ला टोचला. तोच तो बिल्ला, ज्याचं चित्र त्याच्या नातवाला छापायचं आहे.

बाबा म्हणाले, "उठ. ते आंगावरचं काढ अन् घरी चाल." किसनानं बाबांकडे नाही, हवालदाराकडे पाहिलं. "मी तुहा बाप सांगून राह्यलो, उठ." तो उठला नाही. तेव्हा बाबा म्हणाले, "तुह्या डोयापुढं पाखऱ्याले मारलं अन् तुहा हात नाही उचलला. आजपासून तू माह्या घरचा नाही."

माझ्याच्यानं राहवलं नाही. मी ओरडले, "त्याले काहून बोलता बाबा? तो उठला त आपली जवारी बंद होते! मामाची नाही ते, त्याचीच हाय! तुमी रोज त्याचीच भाकर खाऊन राह्यले!" सगळं आवार ऐकत होतं. शेठ हसला, अगदी मायेनं हसला, आणि म्हणाला, "असू दे माळीबुवा, लाजू नका. धर्माचंच आहे."

शेठनं चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं. बाबांनी वाकून तुटलेली माळ उचलली, पाखऱ्याच्या नाकावरून धोतराचा सोगा फिरवला, आणि त्याला घेऊन निघाले. त्या दिवसापासून त्यांनी ज्वारीला हात लावला नाही. माय पाया पडली, रडली, पायली आणणं सोडलं, तरीही नाही. उकडलेला कोहळा आणि आंबाडीची भाजी खाऊन ते मोट हाकत राहिले, आणि पाखऱ्याशीही बोलेनासे झाले. चाकाचा आवाज आणि पाण्याचा आवाज, मधली जागा रिकामी. मी भावाची बाजू घ्यायला तोंड उघडलं आणि बापाचं काळीज फाडलं. त्यासाठी मी स्वतःला आजवर माफ केलेलं नाही.

मग तिकडची लढाई थांबली आणि इकडे कापसाचे भाव कोसळले. शेठचा धर्म एका आठवड्यात आटला. पलटण तेव्हा अकोल्याला नेली होती, तिथल्या गंजींवर पहाऱ्यासाठी. तिथेच पोरांना रांगेत उभं केलं, आणि जाकिटं, तुमानी, बूट मोजून परत घेतले, कारण कापड विकलं जातं. पोरं विकली जात नव्हती, म्हणून त्यांना सोडून दिलं. किसना अकोल्याहून अमरावतीला लंगोटीवर चालत आला, चार दिवस. बिल्ला तेवढा मुठीत होता, तो मागायचं कोणाच्या ध्यानात राहिलं नसावं.

भरदुपारी तो मळ्यात येऊन उभा राहिला. मोट अर्ध्यावर होती. बाबांनी त्याच्याकडे पाहिलं, मोट वर घेतली, पाणी सोडलं, बैल थांबवला. मग त्याच्यापाशी गेले, त्याचा उजवा हात मनगटाला धरून उचलला आणि पाखऱ्याच्या मानेवर नेऊन ठेवला. हात तिथेच राहिला. मायनं घरात होती नव्हती ती ज्वारी दळली आणि भाकरी टाकल्या. मी त्याचा हात पुढे येण्याची वाट बघत होते. तो भिंतीशी मांडी घालून बसला, पाठ ताठ, तळहात गुडघ्यांवर. मायनं पुढ्यात गरम भाकर ठेवली, वर मिरची ठेवली. "जेव ना बापा," ती म्हणाली. "निवून राह्यली ना ते." तो भाकरीकडे बघत राहिला, लाळ गिळत राहिला. बाबा हात धुऊन आत आले, त्यांनी थोडा वेळ त्याच्याकडे पाहिलं, आणि म्हणाले, "खा."

हात खाली गेला. मान खाली घालून, न बोलता, न हसता त्यानं पाच भाकरी संपवल्या. बाबांनी त्याच्या शेजारी बसून त्याच टोपल्यातली भाकर मोडली.

पुढे मी त्याला एकदा विचारलं, "पोयाच्या दिवशी तू घरच्या जवारीसाठीच बसून राह्यला ना रे?" वर्षानुवर्षं मी मनाची हीच समजूत घातली होती. तो म्हणाला, "जवारी ध्यानातच नोती सगुणे. मी हाताले म्हनो, उठ. तो उठेच नाही." मग त्यानं तो हात उलटासुलटा करून पाहिला, दुसऱ्या कोणाचा असावा तसा.

आम्हाला वाटलं होतं, महिन्या-दोन महिन्यांत सुटेल ते. नाही सुटलं. बाबा होते तोवर दोन्ही वेळच्या जेवणाला बाबा "खा" म्हणायचे. मग माय. मग त्याची बायको, बिचारी लग्नानंतर पहिल्या दिवशी घाबरून माझ्याकडे धावत आली होती. लग्नकार्यात पंगतीला बसला की लोक कोपरानं ढोसून मजा बघायचे, आणि मी वाढपणीच्या हातातलं भांडं बाजूला सारून त्याच्यापर्यंत पोचायची आणि "खा" म्हणायची. शेवटच्या दुखण्यात त्याच्या ओठाला पाण्याचा चमचा लावला तरी तो डोळे माझ्यावर लावून थांबायचा. तर शेठच्या नातवा, तुझ्या आजोबानं हा माणूस बनवला. धडधाकट पोरगा होता तो आमचा, पोळलेल्या हातानं भाकर खाणारा.

त्याच्या दहाव्याला मी नाल्यावर गेले. बायकांनी यायचं नसतं म्हणाले, मी गेले. पिंड ठेवला. कावळे आले, बाभळीवर बसले, आणि बसूनच राहिले. एकही खाली येईना. त्याचा मुलगा म्हणाला, मळा मोडणार नाही. आईकडे नीट बघेन म्हणाला. काही नाही. कोणी तरी शहाण्यानं घरून तो बिल्ला मागवला. त्याच्या मानाची वस्तू, त्यात जीव अडकला असेल. पिंडाशेजारी बिल्ला ठेवला तसे दोन कावळे उडून पलीकडच्या झाडावर गेले. ऊन डोक्यावर आलं. भटजी म्हणाला, दर्भाचा कावळा करून शिववू आणि उरकू.

मी उठले. बिल्ला उचलला आणि भिरकावून दिला नाल्याच्या डोहात. मग पिंडापाशी बसले, इतकी वर्षं बसत आले होते तशीच, आणि म्हटलं, "खा, किसना."

कावळा तेव्हा खाली आला.